ढोबळे काकांची ड्युटी-फ्री

ढोबळे काकांनी मदत केली म्हणून बहिणीच्या गळ्यात गोफ पडला. हे आधीच लिहून टाकतो. नववीत शाळा सोडलेला माणूस मी, लिहिता लिहिता मुद्दा विसरतो.

काका आमचे महाल वस्तीतले शेजारी. एकटेच राहतात. विमानात कधी बसले नाहीत, पण परदेशातून काय किती बिनकराचं आणता येतं, ते त्यांना तोंडपाठ. चहातही नियम चालतो. "दोन चमचे साखर ड्युटी-फ्री. तिसऱ्यावर कर!" दारूला कधी शिवले नाहीत, तरी "दोन लिटर, वर थेंब नाही," असं दरडावून सांगतात.

मी आखातात एसी दुरुस्त करतो. बहिणीच्या, पिंकीच्या लग्नाला पहिल्यांदाच घरी येणार होतो, तिच्यासाठी सोन्याचा गोफ घेऊन. धास्ती एकच, विमानतळावर तो अडवला तर? काकांना फोन लावला.

"वजनात बसते. पण गेला कवा, अन् येऊन कवा राहिला?"

"बरोबर वर्षानं, काका."

"बरोबर नाही चालत गा! दागिन्याची सूट वर्षाहून जास्त राह्यलेल्या माणसाले. दोन दिवस थांब."

"पण हळद..."

"हळद धुतल्या जाते. गोफ अडकला तं अडकला."

तिकीट बदललं, हळद हुकली. पिंकी हळदीच्या अंगानं काकांच्या दारात जाऊन भांडली, "काका, तुम्ही आमचे, का कस्टमवाल्याइचे?"

"मी नियमाचा, वं."

लग्नाच्या दिवशीच उतरलो. गोफ स्वतःहून पुढे केला, काकांनी तसंच बजावलं होतं. कस्टमच्या साहेबांनी पासपोर्टवरच्या तारखा पाहिल्या, बोटांवर महिने मोजले, गोफ तोलला आणि म्हणाले, "जा."

बाहेर काका, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात बॅग तोलायचा काटा. "डिक्लेअर करण्यासारखं काही?"

मी पाया पडलो. त्यांनी माझा पासपोर्ट मागून घेतला आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"काका, तुम्ही काहून नाही गेले कधी?"

त्यांनी खिशातून आपला काढला. कोराकरकरीत. "तिसरा आहे गा हा. मुदत संपली का नवा काढतो. बोलावणाराच कोणी भेटला नाही." मग लगेच, "चाल, मुहूर्त टळून राहिला!"

आता मी परत इकडे आहे. एका खोलीत सहा जण, पाहुण्याला जागा नाही. पण काका, वेगळी खोली मिळाली की पहिलं बोलावणं तुम्हाला. विमानतळाच्या दारात काटा घेऊन उभा राहीन. आणि चहात तिसरा चमचा माझ्याकडून, बिनकराचा.