बिरूमामांचा डोस

आमच्या शाळेतल्या बाराही कॉम्प्युटरांच्या पाठीवर लाल रंगाचा एकेक बोटभर पट्टा आहे. नव्या माणसाला वाटतं, दसऱ्याची पूजा झाली असणार. पूजा नव्हे, डोस झालाय! मेंढरांना औषध पाजलं, की कुठलं झालं नि कुठलं राहिलं हे कळावं म्हणून पाठीवर रंग लावतात. हा डोस देणाऱ्या गावातल्या बिरूमामांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आता शेवंती नि कांदा आहे, पण रंगाचा डबा काही हातातून सुटला नाही.

मामा रांजणगावला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. रिटायर होताना साहेबांच्या मागे लागून त्यांनी मोडीत निघालेली ही बारा यंत्रं शाळेला मिळवून दिली आणि सगळ्यांत लिनक्स घातलं. "फुकाट हाय आन् म्हाताऱ्या मशिनीवर बी पळतंय," एवढंच मला सांगितलं. मी शिरूरहून रोज स्कूटीवर येणारी मराठीची शिक्षिका. कॉम्प्युटरचा तास माझ्या गळ्यात पडलेला. लिनक्स हे औषध आहे की खत, हेही मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून दर सोमवारी मामा हजर. आधी वायरमनला फोन, "आज लाइट कवा जानार?" मग काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायला बसतात. मी एकदा विचारलं, अपडेट आणि अपग्रेड असे दोन हुकूम कशाला?

"म्याडम, अपडेट म्हंजी नुसती चौकशी, नवं औषध काय आलंय त्याची. अपग्रेड म्हंजी पाजायचं. चौकशी न करता पाजलं तर नवं औषध मिळायचंच न्हाई!"

दोन दिवसांच्या सरकारी ट्रेनिंगमध्ये जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते मामांनी उभ्याउभ्या शिरवलं. माणूस सातवी पास आहे, हे मी अजून कुणाला सांगितलं तर पटत नाही.

एकदा तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांनी आपला लॅपटॉप उघडून शाळेचं वायफाय मागितलं. मामांनी नम्रपणे विचारलं, "ह्याचा डोस कवा झालाय, साहेब?" साहेब हसले, म्हणाले, तो रोज 'अपडेट करू का?' विचारतो, मी रोज 'नंतर' दाबतो. वर्ष झालं असेल. मामांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी खुरकूत झालेलं जनावर कळपात आणून सोडलंय. "मग तुमी भाईर व्हरांड्यात बसा," मामा म्हणाले, "वायफाय न्हाई मिळायचं." साहेब बसले! मुख्याध्यापकांना घाम फुटला. तासाभराने मामांनी स्वतः तो लॅपटॉप निस्तरला आणि साहेब नको नको म्हणत असताना त्यालाही पट्टा ओढला.

अशा माणसाच्या घरच्या कॉम्प्युटरला मात्र डोस नाही, हे मला कळलं तेव्हा मी सोडते होय? त्यातलं लिनक्स इतकं जुनं झालं होतं, की त्याला नवं औषध येणंच बंद होणार होतं. पूर्ण नवी आवृत्ती घालायला हवी होती. "मामा, दिव्याखाली अंधार!" मी म्हटलं. मामांनी रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

तो कॉम्प्युटर पारूमामींचा. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला बरीच वर्षं झाली. यंत्रातली एक बाई पडद्यावरचं वाचून दाखवते, तसतशी मामी बटणं दाबतात. सकाळी पेपर ऐकतात, आळीला बातम्या पुरवतात आणि बंगळूरच्या लेकीला त्यावरूनच स्वतः फोन लावतात. सगळं बोटांच्या हिशोबावर. नवी आवृत्ती आली नि एखादं बटण इकडचं तिकडं झालं, तर मामींना पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागणार.

एके दिवशी मधल्या सुट्टीत मी लॅबमध्ये गेले तर मामा शाळेच्याच एका कॉम्प्युटरवर ती नवी आवृत्ती घालून, डोळ्यांवर टॉवेल करकचून बांधून त्याच्यापुढे बसलेले. मला वाटलं, झालं, डोस यांनाच चढला!

"बोलू नगा, म्याडम. आदी पाचव्या दाबाला लेकीचं नाव येत हुतं. आता सातव्याला येतंय. त्ये पाचव्यालाच आलं पायजे."

आठ दिवस हा माणूस आंधळा होऊन बसला. चुकला की पहिल्यापासून. मला त्यांची चेष्टा करवेना. खरं सांगते, त्या आठवड्यात मला मामींचा हेवा वाटला.

रविवारी मामांनी घरचं यंत्र नवं केलं. साक्षीला मला बोलावलं होतं. मामी खुर्चीत बसल्या. पेपर उघडला, मिटला. पाच दाब, आणि पलीकडून "आई!" अशी हाक आली. लेकीशी बोलून झाल्यावर मामी म्हणाल्या, "काय सुदिक बदललं न्हाई की वो!"

मामांनी नाक ओढलं, "शेवंतीला पानी बघून येतो," म्हणाले आणि पाठ फिरवून गेले.

पावलं लांब गेल्यावर मामींनी माझा हात चाचपून धरला.

"आतली बाई बदललीया, म्याडम. पयलीचा आवाज लई ग्वाड हुता. ही नाकात बोलतीया."

"अहो, मग मामांना सांगते ना!"

"नगं, नगं!" मामींनी हात घट्ट दाबला. "परत आठ दिस डोळं बांधून बसत्याल."