ढावलोवर वाघाची डरकाळी

"आपल्या मशीनीत नाही अशी गोष्टच नाही! बटन दाबा, काम खलास!" बोरी अरब गावचा डीजे अय्याज हे छातीठोकपणे सांगायचा. आणि त्याला तसं बोलायचा हक्कही होता. मिक्सर, लॅपटॉप, माणसापेक्षा उंच सहा स्पीकर! त्याचा दणका सुरू झाला की पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या आपोआप कूस बदलत.

म्हणूनच लग्नाच्या दोन दिवस आधी तांड्यावरची बबिता त्याच्याकडे आली. शाळेत ती त्याच्या दोन वर्ग मागे होती.

"अय्याजभाऊ, मले ढावलो येत नाही."

बंजाऱ्यांच्या लग्नात सासरी निघालेली पोर घरच्या एकेकाच्या गळ्यात पडते, त्याच्या आठवणी काढते आणि गात गात रडते. तो ढावलो. बबिता पाच वर्षं नर्सिंगच्या होस्टेलवर. इंजेक्शन द्यायला शिकली, हे राहूनच गेलं. आणि तिची याडी, म्हणजे आई, सोनीबाई तर ढावलोसाठी चार तांड्यांत नावाजलेली!

"शिकाले बसली का मले हसूच येते," बबिता म्हणाली. "मंग याडी मुकाट्यानं उठून जाते. लोकांपुढं तिची मान खाली जाईन रे!"

"बस? एवढंच? तुह्या याडीचा आवाज भरून घेतो. तू ओढणी घे तोंडावर अन् ओठ हालव. मी हलक्यानं लावतो!"

सोनीबाईनं कापसाच्या खोलीत बसून माइकपुढे दहा मिनिटं ढावलो म्हटला. मग डोळे पुसले. "बरोबर लावजो बेटा. एकच पोरगी आहे माही."

"काकी, तुमी बिनघोर राहा!"

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. दुसरा एक डीजे अय्याजची गाणी ढापायचा. म्हणून अय्याज आपल्या प्रत्येक गाण्यावर ठप्पा मारी. दर चाळीस सेकंदांनी आधी वाघाची डरकाळी, मग त्याच्या बायकोचा, फरहाचा, घुमणारा आवाज: "बोरीचा वाघ... डीजे अय्याज!" लग्नाच्या सकाळी त्यानं लॅपटॉपमधल्या या लग्नाच्या सगळ्या गाण्यांवर एका झटक्यात ठप्पा मारला. सगळ्या म्हणजे सगळ्या! मग हेडफोन लावून ढावलो दहा सेकंद ऐकला. एकदम ओके.

दुपारी बिदाई. बबितानं ओढणी ओढली, आईच्या गळ्यात पडली. अय्याजनं बटण दाबलं. सोनीबाईचा आवाज असा काही पाझरला की वराकडची एक म्हातारी कौतुकानं मान डोलवू लागली.

आणि तेवढ्यात...

"गुर्रर्रर्र! बोरीचा वाघ... डीजे अय्याज!"

दोन बकऱ्यांनी दावं तोडलं. "वाघ आला रे!" म्हणत नवरदेवाचा मामा सजवलेल्या गाडीच्या टपावर! अय्याजनं घाईनं मिक्सरवरची आवाजाची पट्टी खाली ओढली; ती दुसऱ्याच कशाची तरी निघाली. घाबरून त्यानं भलतंच बटण दाबलं, सायरन वाजला. तिसरं दाबलं, तर नाचायचं गाणं! नवरदेवाच्या मित्रांनी सवयीनं लगेच ठेका धरला.

"अबे, बंद कर ना!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"करून राह्यलो जी! मशीन ऐकूनच नाही राह्यली!"

पुन्हा ढावलो, पुन्हा "गुर्रर्रर्र!" शेवटी बबिताचा बाप पूनमसिंग शांतपणे उठला, मांडवामागे गेला आणि त्यानं जनरेटर बंद केला.

सगळं चिडीचूप. ओढणीखाली बबिताचे खांदे हलत होते. अय्याजला वाटलं, आपण पोरीच्या लग्नाची माती केली!

ओढणी सरकली. बबिता हसत होती! तिला पाहून सोनीबाईही हसली, पोट धरून हसली. आणि हसता हसता तिचा चेहरा कसनुसा झाला.

"आता घरात असं कोन हसवन मले?"

बबिताचं हसू तिथंच थांबलं. मग तिच्या तोंडून जे निघालं त्याला ना चाल, ना ताल. नुसती बंजाऱ्यांची गोरबोली आणि हुंदके. याडी, होस्टेलवर तू धाडलेले लाडू मी कुणाला दिले नाहीत गं, पांघरुणात तोंड घालून एकटीनं खाल्ले. बा, दर शनिवारी "यवतमाळात काम होतं" म्हणत भेटायला यायचास, तुझं काही काम नसायचं, मला ठाऊक होतं रे. पूनमसिंग जनरेटरला धरून उभा होता. डोलणारी म्हातारी आता पदरात तोंड लपवून रडत होती.

सगळ्यांच्या गळ्यात पडून झाल्यावर बबिता स्पीकरकडे वळली. "अय्याजभाऊ रे! तुह्या वाघानं माही लाज घालवली रे! अन् मले रडाले शिकवलं रे!"

मांडव रडता रडता हसला. अय्याज तर लहान पोरासारखा रडला. घरी फरहानं लाल डोळ्यांबद्दल विचारलं, तेव्हा तो जनरेटरच्या धुराला बोल लावून मोकळा झाला.

आठवड्यानं फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरून फोन आला. "आमच्या पोरीलेबी ढावलो येत नाही. तुमची ते वाघवाली मशीन घेऊन येता का?"

अय्याजनं लग्नाची तारीख लिहून घेतली.

"येतो जी. फक्त पोरीच्या बापाले जनरेटरपाशी उभं ठेवजा."