आधी बघा

कुकरची शिट्टी झाली, की ऑपरेटर स्वयंपाकघरातला दिवा बंद करायचा. का, ते त्यालाही सांगता यायचं नाही. काहीही वाजलं, की त्याचा अंगठा जवळच्या बटणावर जाऊन पडे. मग ते बटण कशाचंही असो.

"अहो, हातात सुरी आहे माझ्या!" अंधारातून बायको ओरडायची.

एकदा दारावरची बेल वाजली आणि न्हाणीघरातला दिवा गेला.

"अरे मेल्या, डोळ्यांत साबण गेलाय माझ्या!" आतून आई.

"मग तसंही दिसत नव्हतंच की," तो म्हणाला. त्यानंतर आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. ते त्याच्या लक्षात आलं नाही, कारण न बोलणं काही वाजत नाही.

तो औषधांच्या शीतगृहात कामाला होता. दार जरा उघडं राहिलं की भोंगा, पंखा अडखळला की भोंगा, आणि भोंगा चालू आहे ना हे तपासायला आणखी एक भोंगा. नियम सोपा होता. बटण दाबून भोंगा गप्प करायचा, मग उठून त्या खोलीत जाऊन बघून यायचं. पूर्वी पाळीला तिघे असत. दोघांना कमी केल्यावर बटण दाबायला माणूस उरला, उठून जायला उरला नाही. एका खोलीत जावं, तर मागे चार भोंगे बोंबलत. हळूहळू त्याने जाणंच सोडलं. "बहुतेक खोटाच असतो," हे त्याचं पालुपद झालं. झोप मात्र उडाली. डोळा लागला, की कानात भोंगा सुरू व्हायचा, आणि त्याला बटण नव्हतं.

एके दिवशी मॅनेजर स्वतः आले. हातात खोकं.

"लोकांच्या मनावर ताण येतोय म्हणे. वरून आदेश आलाय." त्यांनी खोक्यातून एक छोटी घंटी काढून टेबलावर ठेवली. "ही वाजली, की काम थांबवायचं, डोळे मिटायचे, दीर्घ श्वास घ्यायचा."

"आणि तेवढ्यात भोंगा झाला तर?"

"तर श्वास नंतर घ्या."

घंटीलाही बटण होतं. पहिल्याच दिवशी अंगठ्याला ते सापडलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी जेवताना त्याने घास खाली ठेवला. कपाळावर घाम होता. "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला आणि लगेच पुढे, "काही नाही. बहुतेक खोटं असेल."

"छातीत दुखणं खोटं असतं का हो?" बायकोने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याला रिक्षात घातलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांचे डोळे लाल होते, शर्ट कालचा होता. त्यांनी त्याच्या छातीला वायरी चिकटवल्या, आणि ते दुसऱ्या पेशंटचे कागद चाळू लागले. थोड्या वेळाने उशाशी ठेवलेलं यंत्र वाजलं. ऑपरेटरचा अंगठा उचलला गेला, पण डॉक्टरांचा आधी पोचला.

"काही नाही," कागदांवरून मान न उचलता ते म्हणाले. "बहुतेक खोटाच असतो."

ऑपरेटरच्या अंगावर काटा आला. या वाक्याच्या मागे काय असतं, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

"डॉक्टरसाहेब, एकदा बघून घ्या."

"अहो, दिवसभर वाजत असतात ही."

"माझ्याकडेही वाजतात. मी बघत नाही, म्हणून तर म्हणतोय."

डॉक्टर थांबले. मग वाकून त्यांनी पाहिलं. एक वायर निसटली होती. त्यांनी ती पुन्हा चिकटवली. भोंगा खरंच खोटा होता. तिघांनीही सुस्कारा सोडला.

"पूर्वी इथे आम्ही चौघे होतो," डॉक्टर स्टुलावर टेकत म्हणाले.

"श्वास घ्यायची घंटी आली का तुमच्याकडे?"

"पुढच्या आठवड्यात येतेय."

दोघेही हसले. बायकोला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तेवढ्यात यंत्र पुन्हा वाजलं. दोन्ही अंगठे एकदम निघाले आणि बटणापाशी एकमेकांवर आपटले. इतके महिने सुरी हातात धरून अंधारात उभ्या राहिलेल्या बायकोने दोघांचीही मनगटं घट्ट पकडली.

"आधी बघा!"

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. या खेपेला सगळ्या वायरी जागच्या जागी होत्या.