बिनविरोध नको

जपानातल्या आमच्या बिल्डिंगमधले स्ताव्रोससान कचरा टाकायला सूट घालून येतात. टायसकट. एका हातात पिशवी, दुसरा हात हस्तांदोलनासाठी मोकळा. कुणी बाटली झाकण न काढता टाकली की गरजतात, "ऑब्जेक्शन!" मग त्याच माणसाचे नाव, गुडघेदुखी, मुलाची परीक्षा असे सगळे विचारून वहीत टिपून घेतात.

मी पुण्याची. कारण नसताना कुणी आपुलकीने चौकशी केली की मला आधी संशय येतो. त्यात हे ग्रीसचे माजी खासदार. मुळात बेटावरचे वकील. शेळ्यांनी कुणाचा मळा खाल्ला, असले खटले लढवायचे. लोकांनी तीनदा संसदेत पाठवले, चौथ्यांदा पाडले. बायको गेल्यावर इथे उरायासुला मुलीकडे आले.

"खासदार उगाच एवढ्या लांब येत नसतो," आमचे हे म्हणाले. "काहीतरी भानगड असणार."

मलाही तसेच वाटत होते.

मार्चमध्ये रहिवासी संघाचा अध्यक्ष ठरतो. वर्षभर दुसऱ्यांच्या कचऱ्यावरून बोलणी खायचे हे पद कुणालाच नको असते. दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याचे नाव निघेल त्याचे आम्ही सांत्वन करतो. यंदा स्ताव्रोससान आपणहून उभे राहिले. बैठकीत टाळ्यांचा कडकडाट झाला.

"ऑब्जेक्शन! बिनविरोध नको. मतदान हवं."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात.

"वसुधासान, माझ्याविरुद्ध उभ्या राहा. पडाल, खात्री देतो."

राजकारण्याची खात्री! "आणि निवडून आले तर?"

"मी वकील आहे. फेरमोजणी मागेन."

यात डाव आहे, हे मला स्वच्छ दिसत होते. पण नातीकडून जपानीत लिहून घेतलेले दोन पानी भाषण त्यांनी दारातच म्हणून दाखवले, आणि मला नाही म्हणवेना.

घरटी एक मत. मी माझे त्यांनाच दिले, उगाच धोका नको. चोवीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यांना तेवीस, मला एक.

एक? हे पद माझ्या गळ्यात मारू पाहणारा कोण? तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंवर माझा दाट संशय होता. लिफ्टमध्ये मी तो स्ताव्रोससानना बोलूनही दाखवला.

"ते मत माझं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही स्वतःला मत दिलं नाहीत?"

ते टाय सैल करू लागले. "शेवटच्या निवडणुकीत माझ्या गावच्या पेटीतून मला एक मत निघालं. गावचा दवाखाना बंद करणाऱ्या कायद्याला मी हात वर केला होता. गाव चिडलं, बरोबरच होतं. माझं मत अथेन्सला नोंदलेलं. म्हणजे गावातलं ते एक बायकोचं. त्या एका मतावर मी घरी जाऊ शकलो, वसुधासान. शून्यावर कुणी घरी जाऊ नये."

माझा मजला आला. मी बटण दाबून दार धरून ठेवले.

"त्यांचं नाव काय होतं?" मी विचारले.

"एलेनी."

घरात शिरल्याशिरल्या मी ते लिहून ठेवले.