सर्व्हरवरची बायजाआत्या

सकाळी नऊला आमच्या सर्व्हर रूममधून "तुज्या बारशाला कोन व्हतं रं मेल्या?" असा ओरडा आला, की खुशाल समजावं, ठोंबरेदादा कामावर हजर झाले. समोर माणूस नसतो. असतो काळा पडदा आणि त्यावर टाइप केलेला एखादा इंग्रजी शब्द.

मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात कॉम्प्युटर विभाग म्हणजे आम्ही दोघंच. दादा साहेब, मी त्यांच्या हाताखाली. मी रोज कर्जतहून येते, पोचेपर्यंत डोकं तापलेलं असतं, आणि आल्या आल्या यांचं प्रवचन. सर्व्हर म्हणजे अख्ख्या कारखान्याच्या फाईली सांभाळणारं यंत्र. त्याला माऊस नाही, चित्रं नाहीत. ठरलेले शब्द टाइप करायचे, की ते हुकूम ऐकतं. दादांचं भांडण त्या शब्दांशी.

"अगं बाय, 'कॅट' म्हंजे मांजर ना? मग ती फाईल कशी वाचून दाकवती? मांजर कवा शाळंत गेली?"

"'टच' म्हंजे हात लाव. बरं, लावला हात. तर नवी कोरी फाईल जल्माला घातली यानं! आनि हा 'लेस'. नावानं कमी, पन काम त्या दुसऱ्या 'मोअर' हुकमापेक्षा जास्त करतो!"

सगळ्यात मोठा राग 'किल'वर. "नाव बग, ठार मार! आनि करतंय काय, तर अडकलेल्या प्रोग्रॅमला निरोप देतंय, 'बंद व्हता का राव?' समोरचा आयकंल तर आयकंल."

हे मी दोन वर्षं ऐकलं. एक दिवस वैतागून म्हटलं, "मग तुम्हीच का नाही ठेवत चांगली नावं?" जिभेला हाड नसतं हेच खरं. सोमवारी दादा आले ते वहीचा फाडलेला कागद घेऊन.

सर्व्हरवर हुकमांना आपल्या सोयीची टोपणनावं देता येतात. दादांनी सगळ्यांना आपल्या वाडीतल्या माणसांची नावं दिली. वाडी कुंभिवलीच्या अंगाला, हायवेला लागून. नियम एकच, माणसाचा गुण कामाला जुळला पाहिजे. फाईल उघडून दाखवणारी झाली बायजाआत्या, कारण आत्या कुणाच्याही घरी गेली की डबे, पिशव्या, आलेलं पत्र, सगळं उघडून मोठ्यानं वाचायची. हजार ओळींत एक शब्द शोधायचा तर शिरपतकाका. त्यांनी म्हणे गवताच्या गंजीतून सुनेच्या कानातलं कुडं काढून दिलं होतं. फाईल कायमची घालवायची तर गण्या, कारण गण्याला उसनं दिलेलं काही परत आल्याचं कुणाला आठवत नाही. 'किल'चे तर दोघं झाले. गोडीत सांगणारे दगडूमामा, आणि न ऐकणाऱ्याला उचलून बाहेर टाकणारे भिवातात्या.

मी हसले, नाक मुरडलं, आणि आठवड्यात मलाच ते पाठ झालं. खरं सांगू? चुका कमी झाल्या. भिवातात्याला हाक मारताना माणूस दोनदा विचार करतो.

मग दादा भाचीच्या साखरपुड्याला पनवेलला गेले आणि नेमका त्याच दिवशी गेटपासचा प्रोग्रॅम अडकला. फाटकाबाहेर टँकरांची रांग. मॅनेजरसाहेब माझ्या डोक्यावर येऊन उभे. मी दादांना फोन लावला, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर.

"दगडूमामाला पाटव आदी. गोडीत सांगंल."

"पाठवला दादा. ऐकत नाही."

"नाय आयकत? मग सोड भिवातात्याला! आनि मागं काय घान ऱ्हायली तर गण्याकडं दे. मागमूस नाय ठेवायचा तो!"

साहेबांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "मॅडम, टँकरवाले आपले नेहमीचे आहेत हो!" भिवातात्याने चुटकीसरशी काम केलं, टँकर सुटले. पण साहेबांनी तोवर सिक्युरिटीचे चार जण बोलावले होते आणि हेड ऑफिसलाही कळवून टाकलं होतं.

हेड ऑफिसचा हुकूम आला. शनिवारपर्यंत ही नावं काढा, नाहीतर सर्व्हरचा ताबा ठोंबऱ्यांकडून काढून घेऊ. बावीस वर्षं त्या खोलीत काढलेल्या माणसाला हे!

मला वाटलं, आता दादा छप्पर उडवतील. पण शनिवारी दुपारी ते स्वतःच कीबोर्डपुढे बसले. मी कागदावरून एकेक नाव वाचायचं, त्यांनी पुसायचं.

"शिरपतकाका."

"करोनात गेले." पुसलं.

"दगडूमामा."

"लेकाकडं हायत, अंबरनाथला. फोनवर वळकत नाय आता."

"भिवातात्या."

"त्यांच्या अंगनातूनच तर गोडाऊनचा रस्ता गेलाय." दादा थांबले. "वाडीत कोन ऱ्हायलं नाय गं. जमिनी गेल्या, मानसं पांगली. क्वार्टरात मी एकटा. हितं दिवसातनं पन्नास वेळा आत्याला हाक मारायचो, बरं वाटायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडात शिवी. "राहू द्या दादा. मी बोलते हेड ऑफिसशी. काय करतील ते करू देत."

"नको. सर्व्हर सोडून मी जाऊ कुटं? वाच तू पुडं."

बायजाआत्या शेवटी गेली. मी कागद उलटापालटा करून पाहिला. अख्खी वाडी त्यात होती, चुलते, माम्या, दुकानदार, देवळातला गुरव. एक नाव मात्र कुठेच नव्हतं.

"दादा, तुमची आई कशी नाही यात?"

दादांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

"तिला नाय घेतली. लोकांच्या शेतात लावनी, लोकांची धुनी, जल्मभर राबली ती. कुनीबी हाक मारावी आनि तिनं उटावं." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "म्हटलं, हितं तरी तिला बसू दे."