मुकादमाची कंबर दोन सूत खाली

"मुकादमाची कंबर दोन सूत खाली गेलीय!" कुत्र्याच्या पाठीवर ठेवलेली, पातळी बघायची पाणसळ उचलत सुतारआजोबांनी जाहीर केलं आणि घरात एकच हलकल्लोळ!

मुकादम म्हणजे त्यांचा तेरा वर्षांचा कुत्रा. आजोबा रंधा मारायला लागले की हा समोर असा रोखून बसायचा, की वाकडी फळी पुढे ढकलायची कुणाची टाप नव्हती! पण गेला महिनाभर फिरायला निघाला की नुसती गोगलगाय.

"हा कायमचा बसला की मीही रंधा खाली ठेवला," आजोबा म्हणाले. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःची कॅल्शियमची गोळी लोण्यात लपवून त्याला द्यायला सुरुवात केली. नाहीतरी ती खडूसारखी गोळी त्यांच्या घशाखाली उतरतच नव्हती. इकडे सूनबाईही लोण्यातून गोळी देत होत्या. नातही. तिघंही गुपचूप! चाल आणखी मंदावली, तशी तिघांनीही गोळ्या दुप्पट केल्या.

शेवटी वरात निघाली जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. तिथे एकेकाचं बिंग फुटलं आणि बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, वयाने हाडं विरळ होतात, खरंय. म्हणून काय मनाने कॅल्शियम ओतायचं? रक्तात वाढलं तर मूत्रपिंडं जातील त्याची!"

आजोबांनी मुकादमाला जवळ ओढलं. "बाई, मीच मारलं की काय हो याला?"

रक्त तपासलं. सगळं बरोब्बर! हाडांचा फोटोही वयाच्या मानाने झकास.

"मग गोळ्या गेल्या कुठे? आणि हा चालत का नाही?" म्हणत बाईंनी त्याला अंगणात सोडलं. मुकादम बाणासारखा सुटला! तीन चकरा मारल्या पठ्ठ्याने! तेवढ्यात आजोबा गुडघा धरून, "आई गं" करत पायरी उतरले. मुकादम जागीच थांबला, मागे आला आणि त्यांच्या पावलाला पाऊल लावून निघाला. गोगलगाय!

बाई बघतच राहिल्या. "आजोबा, महिनाभर तुमची गोळी कोणी खाल्ली?"

घरी येऊन मुकादम बसायचा तिथला लाकडाच्या भुशाचा ढीग उपसला. सगळ्या गोळ्या तिथे! लोणी तेवढं चाटूनपुसून साफ.

"हुशार रे माझ्या राजा!" आजोबांचे डोळेच भरून आले.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी सासऱ्यांच्या हातावर गोळी ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, सूनबाईंची पाठ वळेपर्यंत गालात धरली आणि हळूच भुशाच्या ढिगाकडे वाकले.

"भूऽऽ!"

समोर मुकादम बसला होता. रोखून.

आजोबांनी मुकाट्याने गोळी गिळली.