साळूचे जादा तास

मुलांनो, एका जंगलात एक शाळा होती. जंगलात शाळा कशाला, असं तुम्ही विचाराल. तिथली मुलंही हेच विचारत. पण मधल्या सुट्टीत, आणि हळू आवाजात.

त्या शाळेत साळू नावाची साळिंदराची मुलगी होती. फार बुजरी. तिची अडचण एकच होती : मनात येई ते तिच्या पाठीवर उभं राही. भीती वाटली की काटे उभे. आनंद झाला की काटे उभे. गणिताचे पेपर वाटायला लागले की शेजारचं हरीण आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसे.

साळूला स्नेहसंमेलनाच्या नाटकात राजकन्या व्हायचं होतं. पण पाच वर्षं तिला झुडूपच मिळत आलं होतं.

"तुला वेशभूषासुद्धा नको," मुख्याध्यापक गवेसर कौतुकाने म्हणत.

एके दिवशी वरून पत्रक आलं. प्रत्येक शाळेने व्यावसायिक कलावंताची कार्यशाळा घ्यावी आणि फोटो पाठवावेत. 'फोटो' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

गवेसरांनी नदीकाठच्या टिटवीबाईंना बोलावलं. टिटवीबाई खऱ्या कलावंत होत्या. कोल्हा घरट्याकडे आला की त्या मोडक्या पंखाचं सोंग घेऊन फरफटत लांब जात. कोल्हा त्यांच्या मागे जाई आणि अंडी वाचत.

"माझा प्रयोग पडला, तर घरातलं कोणीतरी जातं," त्या सांगत.

"यंदा राजकन्या कोण, ते बाईच ठरवतील," गवेसरांनी जाहीर केलं. साळूचे काटे शाळा सुटेपर्यंत खाली बसले नाहीत.

मग दोन दिवस कार्यशाळेची तालीम चालली.

"मी शेपटी हलवली की टाळ्या," गवेसर म्हणाले. "कान हलवले की हसायचं. प्रश्न फक्त मॉनिटर विचारेल."

मॉनिटर म्हणजे मुंगूस. त्याने प्रश्न पाठ केला होता : आपण या क्षेत्राकडे कशा वळलात?

"सर, बाईंनी भलतंच उत्तर दिलं तर?"

"काही का देईनात. तू 'खूप प्रेरणा मिळाली' म्हणून खाली बसायचं."

कार्यशाळेचा दिवस उजाडला. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं, त्याची सगळी कडवी झाली. टिटवीबाईंना शाल पांघरली, तेव्हा त्या दिसेनाशाच झाल्या. मग कासवसरांनी पाहुण्यांची ओळख करून दिली. ती संपली तेव्हा शाळा सुटायला दहा मिनिटं उरली होती.

"हाताची घडी, तोंडावर बोट!" गवेसर ओरडले. "आता अभिनय शिका."

शाल हलली. टिटवीबाई तिच्यातून बाहेर आल्या, दोन पावलं चालल्या आणि धाडकन पडल्या. डावा पंख वेडावाकडा लोंबत होता. चोच उघडी होती. त्या धुळीतून फरफटत निघाल्या.

गवेसरांनी शेपटी हलवली. कडाडून टाळ्या झाल्या.

साळूला शेपटी दिसलीच नाही. तिला फक्त पंख दिसत होता.

"बाईंना लागलंय!" ती ओरडत पुढे धावली. "अहो, कोणीतरी पाणी आणा ना!"

तिचा एकूण एक काटा उभा होता. स्वागताचा फलक टरकन फाटला. नेमका तेव्हाच फोटो निघाला. फोटोत नुसते काटे आले.

टिटवीबाई उठल्या. पंख झटकून नीट केला.

"मला काही नाही झालं गं," त्या साळूला म्हणाल्या. "कोल्ह्यानंतर असा प्रेक्षक मला आजच मिळाला."

"माफ करा हं बाई," गवेसर म्हणाले. "ती जरा मागे आहे."

"खूप प्रेरणा मिळाली!" मुंगूस गडबडीत बोलून गेला. प्रश्न विचारायचा राहिलाच.

जाताना टिटवीबाईंनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं : 'या शाळेत अभिनय रोजच शिकवला जातो. सगळी मुलं तरबेज आहेत. एकच मुलगी कच्ची आहे. राजकन्या तिलाच करा.'

गवेसरांनी पहिल्या दोन वाक्यांची फ्रेम करून भिंतीवर लावली. मग शेवटची दोन वाचून ते विचारात पडले. बाईंचा शब्द मोडता येत नव्हता. पण कच्ची राजकन्या कशी चालेल?

"जादा तास!" ते म्हणाले.

शाळा सुटल्यावर रोज साळू एकटी बसू लागली. गवेसर तिच्यासमोर कधी वाघाचं चित्र धरत, कधी लाडवाचं. "काटे खाली!" म्हणत. पहिल्या आठवड्यात तीन चित्रं फाटली. दुसऱ्या महिन्यात एकही नाही.

"आई हरवली, असं समज," एक दिवस सर म्हणाले.

"हो, सर," साळू म्हणाली. काटे गुळगुळीत होते.

"झकास!"

स्नेहसंमेलनात साळू राजकन्या झाली. एक शब्द चुकला नाही. एक काटा हलला नाही. शेवटच्या प्रवेशात विष पिऊन ती ठरल्या जागी पडली. विंगेतून शेपटी हलली, टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत टिटवीबाई शालीआड जांभई देत होत्या.

यंदा झुडूप पहिलीतल्या ससुलीला मिळालं होतं. अंगभर पानं बांधून ती कोपऱ्यात उभी होती. आता ते झुडूप धावत सुटलं.

"ताईला लागलंय!" झुडूप रडत होतं. "पाणी आणा ना!"

साळू डोळे मिटून पडून राहिली. राजकन्या मेली होती. मेलेल्याने कसं पडायचं, हे तिला चांगलं शिकवलं होतं. मग एक ओलं नाक तिच्या गालाला लागलं. ते थरथरत होतं.

साळूच्या पाठीवर एक काटा उभा राहिला. मग दुसरा.

"काटे खाली!" विंगेतून गवेसर पुटपुटले.

मेलेली राजकन्या उठून बसली.

"मला काही नाही झालं गं," ती ससुलीला म्हणाली. तोवर सगळी पाठ फुलली होती, आणि राजकन्येचा शेला काट्यांवर झेंड्यासारखा फडफडत होता.

पहिल्या रांगेत टिटवीबाईंनी शाल फेकून दिली आणि एकटीने टाळ्या वाजवल्या. शेपटी तर कोणीच हलवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना होती : जादा तासाला आता दोघी बसतील.

तात्पर्य : शाळेत खऱ्या कलावंताला अवश्य बोलवावे. मात्र शाल पुरेशी मोठी घ्यावी, म्हणजे कलावंत तिच्यातून बाहेर येत नाही आणि मुले सुखरूप राहतात.